वर्षावनातले किडे-कोळी टिपताना: उजेड, डिफ्यूजर आणि रात्र

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅमेरा, १०० मिमीची १:१ मॅक्रो लेन्स (किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटवणारी) आणि एक फ्लॅश एवढं सामान हाताशी आहे आणि उष्णकटिबंधीय वर्षावनात दोन आठवडे मिळणार आहेत. बागेतल्या झुडपांवर फोटो बरे येतात, पण दाट जंगलात ते एकतर हलतात, नाहीतर भुंग्याच्या पाठीवर पांढरे डाग पडतात आणि मागे सगळं काळंकुट्ट होतं. दिवसभर हिंडूनही किडे फारसे सापडत नाहीत. नवी लेन्स घ्यावी का?

लेन्स आहे ती पुरे. अडचण उजेडाची आहे आणि शोधण्याच्या वेळेची.

वर्षावनाच्या शेंड्यांवर पडणाऱ्या उन्हापैकी साधारण एक-दोन टक्केच जमिनीपर्यंत पोचतं. हिशेब मांडून बघा. उघड्यावर लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला एफ/१६ आणि १/१०० सेकंद बरोबर बसतं. झाडीखाली उजेड साडेपाच ते साडेसहा स्टॉपने उतरतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). त्यात मॅक्रोची स्वतःची वसुली वेगळी: छिद्राच्या एफ-आकड्याला (१ + मोठेपणाचं प्रमाण) याने गुणायचं, म्हणजे १:१ ला एफ/११ लावलं तरी सेन्सरला उजेड मिळतो साधारण एफ/२२ इतकाच. शटर १/२०० धरलं तर आयएसओ वीस ते पस्तीस हजारांच्या घरात जातो, तेही बाहेर ऊन असेल तर. शिवाय हातात धरलेल्या कॅमेऱ्याला १:१ वर १/२०० पुरत नाहीच. फोटो हलतात ते यामुळे.

जाता जाता एक सांगायला हवं, कारण दुसऱ्याची सेटिंग्ज उतरवून घेताना इथे गोंधळ होतो. निकॉनच्या कॅमेऱ्यावर निकॉनची मॅक्रो लेन्स लावून जवळ गेलात की छिद्राचा आकडा आपोआप वाढत जातो, कारण तो परिणामी आकडा दाखवतो. कॅनन मूळ आकडाच दाखवतो. त्यामुळे एकाचं एफ/२२ आणि दुसऱ्याचं एफ/११ ही एकच गोष्ट असू शकते.

छिद्र मोठं ठेवून उजेड मिळवायचा मार्गही बंद आहे. फुल फ्रेम सेन्सरवर १:१ ला एफ/११ वर स्पष्ट दिसणारा थर जेमतेम १.३ मिमी असतो. २:१ ला, म्हणजे दुप्पट मोठेपणाला, एफ/८ वर तो ०.३६ मिमीवर येतो. छिद्र आणखी लहान केलं तर थर वाढतो, पण विवर्तनामुळे (अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) सगळंच मऊ पडतं. २:१ ला एफ/१६ म्हणजे परिणामी एफ/४८, त्यात कोळ्याच्या पायावरचे केस विरघळून जातात. १:१ पर्यंत एफ/११ आणि २:१ च्या आसपास एफ/८, यापलीकडे जाऊ नका.

उरतो फ्लॅश. इथे फ्लॅशकडे शटर म्हणून बघायचं. आयएसओ ४००, एफ/११, १/२०० वर जंगलातला उजेड सहा स्टॉपने कमी पडतो, म्हणजे फोटोत तो उमटतच नाही. उमटतो तो फक्त फ्लॅशचा झोत. पूर्ण ताकदीवर साध्या फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा लांब चालतो. १/१६ ताकदीवर तोच साधारण दहाहजाराव्या भागावर येतो. मुंगीचं पाऊल, तुमच्या हाताचा कंप, पानाचं डुलणं, सगळं त्यात गोठतं. म्हणून फ्लॅश कमी ताकदीवर चालेल अशीच सगळी मांडणी हवी. हायस्पीड सिंक चालू ठेवू नका. त्यात फ्लॅश एका झटक्याऐवजी शटर उघडं असेपर्यंत फडफडत राहतो आणि ताकदही बरीच घटते, म्हणजे ज्यासाठी फ्लॅश लावला तेच हातचं जातं.

आता डिफ्यूजर, म्हणजे फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारा पडदा. या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त वेळ यावर खर्च करा. फ्लॅशचं तोंड आडवं सात-आठ सेंटिमीटरचं असतं. तीस सेंटिमीटरवरून ते भुंग्याला टिकलीएवढं दिसतं आणि भुंग्याच्या आरशासारख्या पाठीवर त्या टिकलीचंच प्रतिबिंब पडतं. तोच पांढरा डाग. मऊ उजेडासाठी उगम किड्याच्या नजरेतून मोठा दिसला पाहिजे, म्हणजे मोठाही हवा आणि जवळही. १०० मिमीच्या लेन्सला १:१ वर लेन्सच्या तोंडापासून किड्यापर्यंत साधारण १३ ते १५ सेंमी अंतर मिळतं. वीस-बावीस सेंमी रुंदीचा डिफ्यूजरचा पत्रा लेन्सच्या तोंडाच्या थोडा पुढे येऊन किड्यावर छपरासारखा वाकला, तर तो किड्यापासून दहा-बारा सेंमीवर राहतो. हे प्रमाण चांगलं.

बनवताना दुधी रंगाचा पातळ पॉलिप्रॉपिलिनचा पत्रा किंवा पॅकिंगमध्ये येतो तो पांढरा पातळ फोमचा कागद घ्या. एक थर पुरत नाही, कारण फ्लॅशच्या समोर मधोमध तेजस्वी ठिपका राहतो आणि तोच प्रतिबिंबात दिसतो. फ्लॅशच्या तोंडावर एक लहान थर, मग तीन-चार सेंमी मोकळी जागा, मग मोठा थर. बाजूच्या भिंती आतून पांढऱ्या ठेवा. खाली लेन्सच्या हनुवटीला एक पांढरी पट्टी लावली तर किड्याच्या पोटाखालची काळी सावली उठते. टिश्यू किंवा साधा कागद पहिल्याच सरीत लगदा होतो, तो वापरू नका. पारख करायला एक स्टीलचा चमचा पालथा ठेवून फोटो काढा. त्यात दिसणारं डिफ्यूजरचं प्रतिबिंब एकसारखं पांढरं आणि कडांना विरत जाणारं हवं. मध्ये गाठ दिसली तर थरांमधलं अंतर वाढवा. दोन थरांत साधारण दोन स्टॉप उजेड जातो, पण जवळ आल्यामुळे तो बराचसा भरून निघतो. आकाराचा मोह मात्र आवरा. पाऊण हाताचा डिफ्यूजर बागेत झकास चालतो. वर्षावनात तो वेलीत अडकतो, लेन्स पोचण्याआधी पान हलवतो आणि कोळी धाग्यावरून सरळ खाली उडी घेतो.

सुरुवातीची सेटिंग्ज: मॅन्युअल, १/२००, एफ/११, आयएसओ ४००, फ्लॅश मॅन्युअलवर १/१६. मोठेपणा ठरलेला असेल तर किड्यापासून डिफ्यूजरचं अंतरही ठरलेलं असतं, म्हणून मॅन्युअल फ्लॅश इथे टीटीएलपेक्षा (कॅमेराच फ्लॅशची ताकद ठरवतो तो प्रकार) भरवशाचा. टीटीएल काळ्या भुंग्याला करडा करतो आणि पांढऱ्या खेकडा कोळ्याला मळका. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघताना लाल वाहिनी वेगळी तपासा. लाल-पिवळे ढेकूण आणि पतंग एकूण आलेखात ठीक दिसतात, पण लाल आधीच जळालेला असतो. व्हाइट बॅलन्स ५५०० केल्व्हिनच्या आसपास बांधून टाका, नाहीतर पानांच्या हिरव्या झाकेमुळे दर फोटोचा रंग वेगळा येईल.

काळ्या पार्श्वभूमीचं कारण अंतरात आहे. डिफ्यूजरपासून किडा १२ सेंमीवर आणि मागचं पान ४८ सेंमीवर असेल, तर अंतर चौपट, म्हणून उजेड साधारण सोळावा हिस्सा: चार स्टॉप खाली. सर्वांत सोपा उपाय म्हणजे उभं राहण्याची जागा बदलणं. किड्याच्या मागे पाच-दहा सेंमीवर पान येईल असा कोन शोधा. तो मिळत नसेल तर गळलेलं एखादं मोठं पान डाव्या हाताने मागे धरा. दिवसा तिसरा उपाय आहे: आयएसओ १६००, शटर १/६० आणि फ्लॅश १/६४ वर. मग जंगलाचा उजेड फ्लॅशपेक्षा दोन-सव्वादोन स्टॉपच खाली राहतो आणि मागे गडद हिरवं दिसू लागतं. किंमत अशी की किडा हलला तर त्याच्या कडेला धूसर दुसरी कड उमटते, तेव्हा हे बसलेल्या किड्यासाठीच. आणि रात्री धाग्यावर लटकलेल्या कोळ्यामागे काळं आलं तर येऊ द्या. रात्र काळीच असते.

फोकस हाताने. ऑटोफोकस बंद करा, मोठेपणा आधी ठरवा आणि शरीर पुढेमागे झुलवत डोळा धारदार दिसला की बटण दाबा. हात टेकवणं हे अर्धं काम आहे: डाव्या हाताच्या दोन बोटांत पानाचा देठ किंवा काडी धरायची आणि त्याच हाताच्या तळव्यावर लेन्स टेकवायची, म्हणजे किडा आणि कॅमेरा एकत्र हलतात. धरण्याआधी देठाच्या मागची बाजू बघितल्याशिवाय हात लावायचा नाही, त्याबद्दल पुढे. सेन्सर किड्याच्या शरीराला समांतर ठेवला तर त्या १.३ मिमीच्या थरात बरंच काही बसतं. समोरून चेहरा घेत असाल तर दोन्ही डोळे एका प्रतलात आणा आणि बाकी शरीर सोडून द्या. श्वास किड्यावर सोडू नका. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने मुंग्या बिथरतात. दहात एक फोटो नीट आला तरी समाधान माना.

थर जोडायचे असतील, म्हणजे फोकस स्टॅकिंग, तर वर्षावनात तिवईपेक्षा कॅमेरा हातात धरूनच घेतलेली मालिका जास्त उपयोगी. फ्लॅश १/३२ किंवा त्याखाली ठेवून आठ-दहा फोटोंची मालिका घ्या आणि पुढून मागे सावकाश सरका. पाऊल स्पष्ट थराच्या दोन तृतीयांश असावं: १:१ ला एफ/८ वर थर साधारण एक मिमी, म्हणून पाऊल ०.६ मिमी, आणि चार मिमी खोलीच्या मुंगीला सात-आठ फोटो. मोजून सरकणं हाताला जमत नाही. थोडे जास्त घ्या आणि नको ते काढा. थर जोडणाऱ्या झेरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये पीमॅक्स आणि डीमॅप अशा दोन पद्धती आहेत. एकमेकांवरून गेलेले केस आणि पाय पीमॅक्स चांगले जुळवतो, पण तो गोंगाट, म्हणजे फोटोतले रवाळ ठिपके, वाढवतो. गुळगुळीत पाठ आणि मागचं पान डीमॅपमध्ये स्वच्छ येतं. पीमॅक्सचा निकाल पाया धरून मागचा भाग डीमॅपमधून रंगवून घेणं हा रुळलेला मार्ग. मिशा हलत असतील तर स्टॅकिंगचा नाद सोडा, चार मिशांची मुंगी तयार होते.

१:१ पुढे जायचं तर रेनॉक्स डीसीआर-२५० सारखी पुढे अडकवायची भिंग पुरे. तिची ताकद ८ डायॉप्टर आहे आणि १०० मिमीच्या लेन्सवर ती तुम्हाला २:१ च्या जवळ नेते. कॅननची एमपी-ई ६५ पाच पटींपर्यंत जाते, पण १:१ च्या आधी ती काहीच टिपत नाही. वर्षावनातला सहा-सात सेंमीचा नाकतोडा चौकटीत बसवायला १:१ सुद्धा जास्त होतं, तेव्हा ती एकटी घेऊन जाणं चुकीचं ठरेल.

आता शोधण्याकडे. दिवसभर हिंडून काही दिसत नाही, कारण बरेच नाकतोडे, काडीकिडे, पतंग आणि मोठे कोळी दिवसा पानाआड निपचित असतात. अंधार पडल्यापासून मध्यरात्रीपर्यंतचा वेळ फोटोंसाठी राखा आणि दुपारी झोपा. वेग तासाला शंभर मीटर. त्याहून जास्त चाललात तर चालायलाच गेला होतात. पानांची खालची बाजू, वेलीत अडकून लटकलेली वाळकी वळलेली पानं, शेवाळलेली सालं, पडलेले ओंडके, झाड कोसळून उघडी झालेली जागा आणि पायवाटेच्या कडा बघा. ताजं कुरतडलेलं पान आणि खालच्या पानावर काळ्या लेंड्या दिसल्या की वर सुरवंट आहे असं धरून चाला.

डोक्यावरचा दिवा डोळ्यांच्या रेषेत ठेवा. लांडगा कोळ्यांच्या डोळ्यांत मागे परावर्तक पडदा असतो. दिवा तुमच्या नजरेच्या दिशेनेच गेला तर पालापाचोळ्यात हिरवट ठिणग्या चमकतात. दिवा हातात खाली धरला तर तेच कोळी दिसत नाहीत. उड्या मारणाऱ्या कोळ्यांना हा पडदा नसतो आणि रात्री बरेचसे रेशमी खोळीत झोपलेले असतात, त्यांना दिवसा शोधा. शोधायला प्रखर दिवा चालेल, पण कॅमेऱ्यावर फोकससाठी अगदी मंद दिवा लावा. प्रखर दिव्याला चिलटं जमतात आणि प्रत्येक फोटोत धूसर ठिपके येतात. विंचवांसाठी ३६५ नॅनोमीटरची अतिनील बॅटरी जवळ असावी. त्यात विंचू निळसर-हिरवा उजळतो. नुकतीच कात टाकलेला विंचू मात्र कवच कडक होईपर्यंत उजळत नाही. सापडला की अतिनील बंद.

मुंग्यांसारखं दुसरं काही नाही, त्या सगळीकडे आहेत आणि दिवसाही मिळतात. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या वर्षावनांत पानं कापणाऱ्या ॲटा मुंग्यांच्या वाटेवर आडवं पडून, वाट न तुडवता, बाजूने घ्या. पानाचा तुकडा मागून उजळला तर त्याच्या शिरा दिसतात. एसिटॉन या लष्करी मुंग्यांची फौज निघाली की रांगेपेक्षा तिच्या पुढ्यात लक्ष ठेवा, जीव घेऊन पळणारी झुरळं, कोळी, नाकतोडे तिथे उघड्यावर येतात. आशियात पानं शिवणाऱ्या इकोफायला मुंग्या बघा आणि त्यांच्यात नक्कल करणारा कोळी शोधा. मिरमाराक्नी हा कोळी पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून चालतो. तो बाजूने टिपा, म्हणजे आठ पाय मोजता येतात आणि डोळे दिसतात. ऑफिओकॉर्डिसेप्स बुरशीने ग्रासलेल्या मुंग्याही गुडघ्याखालच्या उंचीवर मिळतात. थायलंडच्या जंगलात अशा मुंग्या जमिनीपासून सुमारे २५ सेंमीवर पानाच्या खालच्या शिरेला चावून मेलेल्या आढळतात. त्या हलत नाहीत, तेव्हा तिवई आणि पन्नास थरांचा स्टॅक करायचा तर इथे करा.

उडी मारणारा कोळी स्वतःच लेन्सकडे वळून बघतो. समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांचं बाहेरचं भिंग स्थिर असतं, आतली नळी हलते. म्हणून डोळा क्षणात काळा तर क्षणात फिका दिसतो. दोन्ही काळे होतील तेव्हा तो तुमच्याकडेच बघतोय, तोच क्षण. डायनोपिस हा जाळं फेकणारा कोळी रात्री डोकं खाली करून, पुढच्या पायांत चौकोनी जाळं ताणून लटकतो. त्याच्या प्रचंड डोळ्यांतला प्रकाशसंवेदी पडदा दर रात्री नव्याने बनतो आणि पहाटे मोडतो, इतके ते अंधाराला सरावलेले असतात. समोरून तीन-चार झोत टाकून थांबा.

पतंगांसाठी पांढरी चादर आणि अतिनील किंवा पाऱ्याच्या वाफेचा दिवा लावायचा तर अमावास्येच्या आसपासची, ढगाळ, कोंदट रात्र निवडा. चादरीवरचा फोटो कंटाळवाणा दिसतो. शेजारच्या पानांवर येऊन बसलेले पतंग टिपा. पहाटेच्या तासभर आधी दिवा बंद करून चादर झुडपात झटका, नाहीतर सकाळी पक्षी आयती न्याहारी करतात.

ओलावा. थंड खोलीतून दमट जंगलात कॅमेरा नेला की काच आतबाहेर धुरकट होते आणि पुसून उपयोग होत नाही. निघण्याआधी सामान बंद पिशवीत घाला आणि बाहेर अर्धा-पाऊण तास पिशवी न उघडता गरम होऊ द्या. त्याहून बरं म्हणजे वातानुकूलित खोलीत सामान ठेवूच नका. रात्री हवाबंद डब्यात सिलिका जेल टाका. नारिंगी जेल हिरवं झालं की ते साधारण १२० अंश सेल्सिअसला दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं. दमट कापडी पिशवीत आठवडाभर पडलेल्या लेन्सला बुरशी लागते. डासांसाठी डीट वापरत असाल तर तळहात कोरडे ठेवा: डीट प्लास्टिक आणि रबर विरघळवतं, कॅमेऱ्याची पकड चिकट होते. पिकारिडिन तसं करत नाही.

हाताबद्दल पुढे सांगतो म्हटलं होतं. दक्षिण अमेरिकेत लोनोमिया हे केसाळ सुरवंट झाडाच्या बुंध्यावर सालीच्या रंगात घोळक्याने बसतात, आणि त्यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडून माणसं दगावली आहेत. बुंध्याला टेकण्याआधी दिवा मारून बघा. केसाळ सुरवंटाला कुठेच हात नको. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या बुलेट मुंग्यांची वारुळं बहुधा झाडाच्या पायथ्याशी असतात, नेमकी तुम्ही गुडघे टेकता तिथे. फोन्युट्रिया या विषारी कोळ्याने पुढचे पाय उंच केले की फोटो झाला, मागे सरका. अमेरिका खंडांतला टॅरँट्युला मागच्या पायांनी पोट घासू लागला तर तो टोचरे केस उडवतोय, चेहरा लांब न्या. चाबूक-कोळी दिसायला सर्वांत भयंकर, पण त्याला विष नाही.

किडा थंड करून सुन्न करणं, चिकटवणं, फांदी तोडून सोयीच्या जागी नेणं हे नको. त्यात मिळणारी मिटलेल्या पायांची बसणी जाणकाराला लगेच कळते. टॅरँट्युलांच्या बिळाचं नेमकं ठिकाण फोटोसोबत देऊ नका, पाळण्यासाठी त्यांची चोरटी पकड होते.

ओळख पटवायची असेल तर सुंदर फोटोआधी चार कामचलाऊ घ्या: वरून, समोरून चेहरा, बाजूने आणि जमलं तर खालून, सोबत ज्या झाडावर बसलाय त्याचं पान. कोळ्याच्या डोळ्यांची मांडणी दिसली तर कुळापर्यंत पोचता येतं. पुष्कळ कोळ्यांची जात मात्र जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच ठरते, तेव्हा फोटोवरून प्रजातीचं पूर्ण नाव छातीठोकपणे लिहू नका.

नव्या लेन्सच्या पैशात आणि पिशवीच्या त्या कप्प्यात दुसरा फ्लॅश टाका. सलग मालिकांनी तापून आणि ओलाव्याने हॉटशूचे (कॅमेऱ्यावर फ्लॅश बसतो त्या खाचेचे) टोक गंजून आधी फ्लॅशच रुसतो, आणि वर्षावनात फ्लॅश गेला की मॅक्रो संपली. सोबत निकेल-मेटल हायड्राइडच्या चार-चार सेलचे निदान तीन संच, प्रत्येक संच वेगळ्या डबीत.